गावाच्या वेशीवरचं उपनगर : पाउंडबरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही सर्वांत जुने सभासद. पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." मी म्हटलं, आठवणी सांगणारे बरेच आहेत. पहिल्या वर्षीचा पाण्याचा टँकर, बिल्डरच्या ऑफिसात घातलेले हेलपाटे, कन्व्हेयन्सची फाइल, लिफ्टमध्ये अडकलेलं लग्नाचं वऱ्हाड, हे सगळं याच स्मरणिकेत दहा जणांनी लिहिलेलं असेल. मी बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. एकच एंट्री दोनदा पोस्ट झाली की मला झोप येत नाही. म्हणून मी आज दुसरा विषय घेतो. विषय दूरचा आहे, पण शेवटी आपल्याच कंपाउंडमध्ये येऊन थांबणार आहे, याची खात्री बाळगा.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने धाकट्या लेकीकडे इंग्लंडला होतो. लंडन नव्हे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून गाडीत बसलं की अडीच-पावणेतीन तासांनी नैऋत्येला डॉर्चेस्टर नावाचं गाव लागतं. डॉर्सेट परगण्याचं हे मुख्य ठिकाण. आपल्या भाषेत जिल्ह्याचं गाव. पण लोकवस्ती किती? सुमारे वीस हजार! आपल्या स्टेशनवर सकाळी आठच्या लोकलला याहून जास्त माणसं असतील. जावई तिथल्या रुग्णालयात नोकरीला, आणि घर भाड्याने घेतलेलं गावाच्या पश्चिम कडेला, पाउंडबरी नावाच्या नव्या वस्तीत. या पाउंडबरीबद्दलच मी बोलणार आहे.

आधी मूळ गावाबद्दल थोडं सांगतो, कारण गाव कळल्याशिवाय उपनगर कळत नाही. डॉर्चेस्टर हे बाजाराचं गाव. दर बुधवारी तिथे बाजार भरतो. आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराला पंचक्रोशीतली माणसं येतात, तसाच प्रकार. रोमन लोकांच्या काळापासूनची ही वस्ती. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना टॉमस हार्डी ठाऊक असेल. त्याच्या कादंबऱ्यांत 'कॅस्टरब्रिज' नावाचं गाव येतं, ते म्हणजे हेच. हार्डीचा जन्म जवळच्याच खेड्यातला, आणि गंमत म्हणजे तो आधी शिकला होता आर्किटेक्टचं काम.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या सहकारातल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८३३ साली जवळच्या टॉलपडल खेड्यातल्या सहा शेतमजुरांनी मजुरी कमी होत चालली म्हणून एकत्र येऊन संघटना बांधली. गुप्त शपथ घेतली या आरोपावरून त्यांच्यावर डॉर्चेस्टरच्या कोर्टात खटला चालला आणि सात वर्षांसाठी त्यांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं गेलं. देशभर गलका झाला, मोर्चे निघाले, सह्यांची निवेदनं गेली, आणि दोन वर्षांत सरकारला त्यांना माफी द्यावी लागली. ती कोर्टाची खोली अजून जशीच्या तशी जपलेली आहे. मी त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून आलो. आज आपण सहज म्हणतो, सोसायटी रजिस्टर केली, अमुक नंबर मिळाला. सामान्य माणसांनी एकत्र येऊन सही करणं हाच एके काळी गुन्हा होता, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आता पाउंडबरी. नाव जुनं आहे. गावाला लागून पाउंडबरी नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर लोहयुगातली, म्हणजे इसवी सनाच्या आधीची, मातीच्या तटबंदीची गढी आहे. १८४० च्या दशकात रेल्वे यायची ठरली तेव्हा ही गढी खणून काढायचा बेत होता. गावातल्या जाणत्या मंडळींनी विरोध केला. त्यांत विल्यम बार्न्स नावाचा शाळामास्तर होता, जो तिकडच्या बोलीभाषेत कविता लिहायचा. शेवटी रेल्वेने टेकडीखालून बोगदा काढला आणि गढी वाचली. नव्या वस्तीचं नाव तिच्यावरूनच पडलं.

ही वस्ती उभी राहिली कशी? गावाला वाढायला जागा हवी होती. १९८७ साली तिथल्या जिल्हा कौन्सिलने ठरवलं की गाव पश्चिमेला वाढवायचं. ती शेतजमीन होती 'डची ऑफ कॉर्नवॉल'ची. ही डची म्हणजे युवराजाच्या खर्चासाठी १३३७ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने लावून दिलेली इस्टेट. आपल्याकडच्या भाषेत इनाम किंवा खाजगी दौलत म्हणा. त्या वेळचे युवराज म्हणजे चार्ल्स, आत्ताचे राजे. आम्ही तिथे होतो त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. आम्ही पोचलो तेव्हा दुकानांच्या खिडक्यांवरच्या पताका अजून उतरवायच्या होत्या.

या चार्ल्स यांचं आणि आधुनिक आर्किटेक्ट मंडळींचं पहिल्यापासून वाकडं. १९८४ साली आर्किटेक्टांच्याच संस्थेच्या दीडशेव्या वर्धापनदिनी पाहुणे म्हणून गेले आणि तिथेच त्यांच्या नव्या इमारतींवर कडक टीका करून आले. म्हणजे आपल्या वर्धापनदिनाला एखादा पाहुणा यावा आणि आपल्याच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर बोलून जावा, तसं! पण हा गृहस्थ नुसता बोलून थांबला नाही. लक्झेंबर्गचे नगररचनाकार लिओं क्रिए यांना त्याने पाउंडबरीचा आराखडा करायला बोलावलं. १९८९ साली तो आराखडा लोकांसमोर मांडून डॉर्चेस्टरकरांची मतं घेतली गेली. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये बांधकाम सुरू झालं, तेही चार टप्प्यांत. एकूण जागा सुमारे चारशे एकर. मूळ हिशेब साधारण अडीच हजार घरांचा आणि सहा हजार वस्तीचा.

आणि हे काम तीस वर्षं चाललं. आमचं घर पहिल्या टप्प्यातलं. तिथून चालत चालत पश्चिमेला गेलं की शेवटच्या टप्प्यात क्रेन उभी दिसायची. आपल्याकडे बिल्डर जाहिरातीत लिहितो 'चोवीस महिन्यांत ताबा', आणि मग काय होतं ते आपण सर्वांनी भोगलंय. तिथे घाई नव्हती, कारण जमीन विकून पळायचं नव्हतं.

वस्ती दिसायला कशी? पहिल्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, हे नवं कुठंय? हे तर शंभर-दोनशे वर्षांचं जुनं गाव." तसंच वाटतं. दगडी भिंती, विटा, पाटीच्या दगडाची उतरती छपरं, लहान-मोठी घरं एकमेकांना चिकटलेली. काही भिंतींत तर खिडकीचा आकार करून ती बुजवून टाकलेली! मी जावयाला विचारलं, ही काय भानगड? त्याचं उत्तर मला बँकवाल्याला फार आवडलं. इंग्लंडात १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. कर वाचवायला लोक खिडक्या विटांनी बुजवायचे. जुन्या घरांवर त्या बुजलेल्या खिडक्या दिसतात, म्हणून नव्या घरांनाही शोभेसाठी तशा केल्या. कर केव्हाच गेला, करचुकवेगिरीची खूण मात्र नक्षी म्हणून राहिली.

यावरूनच तिकडचे टीकाकार पाउंडबरीची टर उडवतात. खोटं गाव, खेळण्यातलं गाव, राजपुत्राचा हट्ट, असं बरंच काही लिहिलं गेलं. मला आर्किटेक्चरमधलं काही कळत नाही. मी तीन महिने तिथे भाजी आणली, कचरा टाकला, नातवाला बागेत नेलं, एवढाच माझा अभ्यास. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

पहिली गोष्ट रस्त्यांची. पाउंडबरीत आतल्या रस्त्यांवर वाहतुकीच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. स्पीडब्रेकरही नाहीत. मग गाड्या हळू जातात त्या कशामुळे? रस्ता सरळ ठेवलेलाच नाही. घरं आधी मांडली आणि रस्ता त्यांच्यामधून वळत वळत नेला. थोडं पुढे गेलं की कोपरा येतो, मध्ये झाड येतं, एखादा चौक येतो. पलीकडचं दिसत नाही म्हणून ड्रायव्हर आपोआप पाय ब्रेकवर ठेवतो. आपल्या गेटजवळ आपण तीन स्पीडब्रेकर आणि 'हळू चालवा'च्या चार पाट्या लावल्यात, आणि तरी डिलिव्हरीवाली मुलं कशी जातात ते आपण बघतोच.

दुसरी गोष्ट पार्किंगची. (हशा.) हसू नका, हा विषय आपल्या प्रत्येक सभेत असतोच. तिथे बऱ्याचशा गाड्या घरांच्या मागच्या चौकात असतात. पुढचा रस्ता माणसांसाठी आणि मागचं अंगण गाड्यांसाठी. टीव्हीच्या डिश आणि तारासुद्धा पुढून दिसत नाहीत. मात्र एक सांगितलं पाहिजे. दुकानं, शाळा, ऑफिसं चालण्याच्या अंतरात ठेवली की लोक गाड्या कमी वापरतील अशी अपेक्षा होती, आणि ती फारशी पुरी झाली नाही. घरटी एक-दोन गाड्या आहेतच. माणसाचा स्वभाव नकाशावर बदलत नाही, मग तो डॉर्सेटचा असो की आपल्या बी विंगचा.

तिसरी गोष्ट कामधंद्याची. आपल्या उपनगरांना आपण झोपायची गावं म्हणतो. सकाळी सातला माणूस बाहेर, रात्री नऊला घरात. पाउंडबरीत घरांच्या मध्येच कामाच्या जागा ठेवल्या. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, दुकानं तर आहेतच, पण सुरुवातीच्या काळात नाश्त्याच्या धान्याचा कारखाना आणि चॉकलेटचा कारखाना हेही वस्तीत आणले. दोनशेच्या आसपास छोटे-मोठे उद्योग आणि दोन हजारांवर लोकांना काम, असा हिशेब तिथे सांगतात. जवळच्या शेतावर २०१२ साली बायोगॅसचा मोठा प्रकल्प सुरू झाला. मका, गवत आणि कारखान्यांतला वाया गेलेला माल त्यात जातो आणि तयार झालेला गॅस शुद्ध करून थेट सार्वजनिक गॅसवाहिनीत सोडला जातो. म्हणजे गोबरगॅसच, पण सुटाबुटातला!

चौथी गोष्ट तिथल्या 'सोसायटी'ची. हो, तिथेही आहे. स्वतंत्र घरं असली तरी मागचे चौक, झाडं, सामाईक जागा सांभाळायला रहिवाशांच्या व्यवस्थापन कंपन्या आहेत. त्यांना तिथे 'मॅन्को' म्हणतात. घरमालक तिचा सभासद आणि वर्षाची वर्गणी भरणार. म्हणजे आपला मेंटेनन्सच. शिवाय घर विकत घेतानाच करारात अटी असतात. दाराचा रंग, खिडकी, बाहेरचा बदल, हे परवानगीशिवाय करता येत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा होते. दार रंगवायचं म्हणून ते ठरवून दिलेल्या रंगांचा तक्ता घेऊन महिनाभर बसले होते. मला म्हणाले, माझं घर, माझे पैसे, आणि दाराला पिवळा रंग दिला तर पत्र येईल! मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे पत्र जातं, पण उत्तर येत नाही. आपल्या दर्शनी बाजूला किती प्रकारची ग्रिल्स आहेत, कोणी मोजलीत? मी मोजलीत. सतरा.

तक्रारी तिथेही भरपूर आहेत. फूटपाथवर पसरलेली बारीक खडी बुटांना चिकटून घरात येते म्हणून कटकट, जुन्या रंगांचे पोपडे निघतात म्हणून कटकट, वर्गणी वाढली म्हणून कटकट. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा सगळा विषय काढला त्या पाचव्या गोष्टीकडे येतो. सेक्रेटरी घड्याळ बघतायत, पण पाच मिनिटं द्या.

पाउंडबरीत सुमारे पस्तीस टक्के घरं ही परवडणारी घरं आहेत. काही संस्थांच्या मार्फत कमी भाड्याने दिलेली, काही अर्धी मालकीची आणि अर्धी भाड्याची, काही सवलतीच्या दरात विकलेली. ही घरं त्यांनी एका कोपऱ्यात वेगळी बांधली नाहीत. महागड्या घरांच्या मध्ये विखरून टाकली. जेवणात मीठ घालतो तसं, एका ठिकाणी ढीग नाही. आणि बाहेरून बघून कुठलं घर कुठल्या प्रकारचं ते ओळखता येत नाही. तोच दगड, तीच छपरं, तोच दरवाजा.

मी हे तपासून बघायचा प्रयत्न केला. बँकेत कर्ज देताना अर्जदाराच्या घरी जाऊन पाहणी करायची सवय, ती जाते कुठे! आमच्या गल्लीत अकरा दारं होती. रोज फेरीला जाताना मी अंदाज बांधायचो की हे श्रीमंताचं, हे भाड्याचं. महिन्याभराने लेकीला माझी यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, कोण कुठल्या घरात कसं राहतं हे मलाही माहीत नाही. दोन वर्षांत कधी विचारलंच नाही." समोरच्या घरातली बाई रुग्णालयात सफाईचं काम करायची आणि तिच्या भिंतीला भिंत लावून एक निवृत्त बडे अधिकारी राहायचे. दोघांच्या दारापुढे सारख्याच कुंड्या. त्यांची मुलं, नातवंडं एकाच शाळेत, एकाच मैदानात. तिथे 'ग्रेट फील्ड' नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, तिथे माझा नातू कोणाकोणाबरोबर खेळायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यालाही कळत नव्हतं, आणि त्याचं काही अडत नव्हतं.

पाउंडबरी म्हणजे रामराज्य नाही. राजाच्या जमिनीवर, राजाच्या मर्जीने झालेली गोष्ट आहे ती. मधल्या मोठ्या चौकात राजमातेचा पुतळा आहे, जो २०१६ साली राणी एलिझाबेथ यांनी येऊन उघडला, आणि त्या चौकातल्या इमारती बघून आपण चुकून राजवाड्यात शिरलो की काय असं वाटतं. सगळ्यांना तिथे राहणं परवडतं असंही नाही. पण एवढी एक गोष्ट त्यांनी मुद्दाम, ठरवून, पैसे खर्चून केली की कमी ऐपतीच्या माणसाचं दार वेगळं दिसू द्यायचं नाही.

मंडळी, आता आपण आपल्या कंपाउंडमध्ये आलो.

आपल्या ए आणि बी विंगमध्ये दोन आणि तीन खोल्यांचे फ्लॅट. सी विंगमध्ये एका खोलीचे, ज्याला आपण वन आर.के. म्हणतो ते. पुढच्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे की सी विंगकडून बागेत उघडणारं छोटं फाटक कायमचं बंद करावं आणि सी विंगच्या सभासदांनी मेन गेटने वळसा घालून बागेत यावं. कारणं लिहिलीयत ती अशी : बागेत गर्दी होते, बाहेरची मुलं येतात, आणि सी विंगचे फ्लॅट लहान असल्याने त्यांचं योगदान कमी आहे.

ज्यांनी हा विषय मांडला ते माझे मित्र आहेत. आज ते पहिल्या रांगेत बसलेत. उद्या सकाळी आम्ही एकत्रच फिरायला जाणार आहोत. त्यामुळे मी जे बोलतो ते रागाने नाही.

गर्दी होते हे खरं. बाहेरची मुलं येतात हेही खरं, पण ती मेन गेटमधून येतात, वॉचमनसमोरून. छोट्या फाटकातून फक्त सी विंगची येतात. तिसऱ्या कारणाबद्दल मात्र मला हिशेबाचा माणूस म्हणून बोललं पाहिजे. आपल्या उपविधींप्रमाणे सेवा शुल्क, म्हणजे वॉचमनचा पगार, माळ्याचा पगार, सामाईक दिवे, ऑफिसचा खर्च, हे प्रत्येक सदनिकेला समान असतं. फ्लॅटच्या आकारावर ते नसतं. सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चावर असतो, तिथे मोठ्या फ्लॅटला जास्त. पण बाग? बागेचा माळी आणि बागेचे दिवे सेवा शुल्कातून चालतात. याचा अर्थ असा की सी विंगमधली दोनशे ऐंशी चौरस फुटांत राहणारी बाई बागेसाठी दरमहा तेवढेच पैसे भरते, जेवढे तीन खोल्यांत राहणारा मी भरतो. पंचवीस वर्षं भरतेय. तिच्या खोलीत पाहुणा आला तर बसायला जागा नसते, म्हणून तिला बाग माझ्यापेक्षा जास्त लागते. पैसे सारखे, गरज जास्त, आणि फाटक तिचंच बंद! असं व्हाउचर माझ्याकडे आलं असतं तर मी सही केली नसती.

आणखी एक सांगतो. पहिल्या वर्षी पंप जळाला तेव्हा सोसायटीच्या खात्यात पैसे नव्हते. बिल्डर फोन घेत नव्हता. त्या वेळी वर्गणी काढली, आणि सगळ्यात आधी पूर्ण वर्गणी आली ती सी विंगची. ते रजिस्टर कमिटीच्या कपाटात आहे, कोणीही काढून बघावं. तारखांसहित आहे.

नुसता विरोध करून बसणं मला पटत नाही, म्हणून मी सभेपुढे उपसूचना मांडणार आहे. एक, छोटं फाटक सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं राहावं आणि रात्री वॉचमनने कुलूप लावावं. दोन, बाहेरच्या मुलांसाठी मेन गेटवर नोंदवही ठेवावी. आपल्या मुलांचे मित्र असतील तर आपल्या मुलांच्या नावापुढे त्यांची नावं लिहावीत, हाकलून देऊ नये. तीन, बागेतला पाठीमागचा कोपरा, जिथे आज भंगार सायकली आणि तुटलेल्या टाक्या पडल्यात, तो मोकळा करावा. मी फूटपट्टीने मोजलाय. बागेची जवळजवळ चौथाई जागा त्यात अडकलीय. गर्दी कमी करायचा यापेक्षा स्वस्त उपाय मला दिसत नाही. भंगारवाला उलट आपल्याला पैसे देईल.

आणि रंगाचं काम या वर्षी निघतंय. कोटेशनमध्ये ए आणि बी विंगला चांगल्या प्रतीचा बाहेरचा रंग आणि सी विंगला साधा, असा प्रस्ताव आहे. फरकाची रक्कम मी काढली. प्रत्येक सदनिकेमागे वाटून टाकली तर एका कुटुंबाच्या एका हॉटेलच्या बिलाएवढी ती होते. तिन्ही विंगना एकच रंग द्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला कुठली विंग कोणाची ते कळू नये.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, तेव्हापासून आपल्याकडे एकत्र राहण्याचा हा कारभार चालू आहे. आपल्याला राजाची जमीन नको, लक्झेंबर्गचा आर्किटेक्ट नको. आपल्याकडे उपविधींचं पुस्तक आहे आणि एका सभासदाला एक मत आहे. तीन खोल्यांना तीन मतं नाहीत. ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी ते विचार करूनच लिहिलं असणार.

तरुण मंडळींना एक विनंती. पुढची पंचवीस वर्षं तुमची आहेत. पुनर्विकास येईल, बिल्डर येतील, नकाशे येतील. त्या नकाशांत सी विंगला मागच्या बाजूला, वेगळ्या जिन्याने, वेगळ्या गेटने टाकलेलं असेल, कारण बिल्डरला ते सोयीचं पडतं. तेव्हा नकाशा नीट उलगडून बघा. चटई क्षेत्र किती मिळतं हे तर बघाच, पण दारं कुठे उघडतात तेही बघा.

अठ्ठावीस तारखेच्या सभेला सगळ्यांनी यावं, कोरम अभावी सभा अर्धा तास पुढे ढकलायची वेळ आणू नये, आणि चौथ्या विषयावर शांतपणे मत द्यावं. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनी सभेत उठून बोलावं. मी बँकेत युनियन आणि मॅनेजमेंट दोन्हीच्या शिव्या खाल्ल्यात, मला सवय आहे.

सी विंगच्या महिला मंडळाने आजचा मसालेभात आणि मठ्ठा केलाय. वास मघापासून इथवर येतोय, आणि वाऱ्याबरोबर येताना तो त्या छोट्या फाटकातूनच येतोय, एवढं सांगून मी खाली बसतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.